गीझर पेटला, पण तपासला का?

नवा गॅस गीझर बसवायला आलेला माणूस तासाभरात मोकळा होतो. भिंतीला भोकं पाडायची, गॅसची नळी आणि पाण्याचे दोन जोड द्यायचे, खालच्या खणात दोन मोठे सेल घालायचे. नळ सोडला की टकटक होऊन ज्योत पेटते. तो धारेखाली हात धरून बघतो, घरच्यांनाही धरायला लावतो आणि वॉरंटी कार्ड भरून जातो. पाणी तापलं म्हणजे गीझर नीट बसला, ही समजूत तिथेच पक्की होते. त्या चाचणीत तपासलं गेलं ते फक्त पाणी. ज्या हवेत घरातली माणसं वर्षानुवर्षं आंघोळ करणार, ती हवा कुणीच तपासलेली नसते.

२०२० च्या जानेवारीत मुंबईत बोरिवलीला आंघोळीला गेलेली एक शाळकरी मुलगी बेशुद्ध सापडली आणि पुढे रुग्णालयात दगावली. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचं. अशी बातमी आली की आजूबाजूला हमखास ऐकू येतं, ‘गॅस लीक झाला असणार.’ सगळ्यात घातक गैरसमज हाच. सिलिंडरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं, त्यामुळे गळती झाली तर नाकाला कळतं. कार्बन मोनॉक्साइड मात्र गळतीतून येत नाही. गॅस जळताना हवा अपुरी पडली की तो ज्योतीतच तयार होतो. सगळे जोड घट्ट असतील, गीझर कालच आणलेला असेल, तरीही. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

‘एवढीशी ज्योत, तिला हवा लागून लागणार किती?’ इथे थोडा हिशेब करायला हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर ते पाणी २५ अंशांनी तापवत असेल, तर त्याचा बर्नर साधारण १२ किलोवॅटचा असतो. म्हणजे शेगडीचे पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. एवढ्या ज्योतीला मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाच हजार लिटर हवा मावते. दार, खिडकी, झडपा सगळं बंद असेल, तर चार-पाच मिनिटांत तिथला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास उतरतो आणि तिथून पुढे विषारी वायू झपाट्याने वाढू लागतो. एक बादली भरून गीझर बंद केला तर बहुतेकदा निभावतं. शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहणाऱ्याचं, किंवा पाठोपाठ आंघोळीला जाणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाचं तसं नसतं. ‘आम्ही इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही’ या वाक्यामागे अनेकदा बादलीने आंघोळ करायची सवय असते.

एक्झॉस्ट फॅन लावला की प्रश्न मिटला, असंही मानतात. पंखा हवा बाहेर फेकतो हे खरं, पण तेवढीच हवा आत यायला दाराखाली फट किंवा जाळी लागते. ती नसेल तर पंखा नुसता घरघरतो. गीझरला धूर बाहेर नेणारी नळी असेल, तर असा पंखा तोच धूर उलटा आत ओढू शकतो.

गीझरमधला सेन्सर हा आणखी एक खोटा दिलासा. ज्योत विझली तर तो गॅस तोडतो, आणि ते काम मोलाचं आहे. पण त्याला कळते ती ज्योत. हवेत काय साचलंय, हे त्याला कळत नाही. ज्योत निळी दिसते म्हणजे सगळं ठीक, हेही अर्धंच खरं. पिवळी ज्योत आणि काजळी या धोक्याच्या खुणा आहेतच, मात्र निळ्या ज्योतीवरून हवेतलं विष मोजता येत नाही.

ब्रिटनमध्ये घरोघरी गॅसचे बॉयलर आहेत. तिथल्या १९९८ च्या नियमांनुसार खोलीतलीच हवा घेऊन जळणारं गॅसचं उपकरण बाथरूममध्ये नव्याने बसवताच येत नाही. हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारं, खोलीपुरतं पूर्ण बंद असलेलं उपकरणच चालतं. नवा बॉयलर सुरू करताना गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेला तंत्रज्ञ आधी पाइपांतली गळती तपासतो, मग बॉयलर चालू असतानाचा गॅसचा दाब मोजतो आणि शेवटी धुराच्या नळीत यंत्राचं टोक घालून धूर मोजतो. हल्लीच्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडशी प्रमाण ०.००४ च्या वर गेलं, तर काम पूर्ण झालं असं मानत नाहीत. घर भाड्याने दिलेलं असेल तर गॅसच्या उपकरणांची तपासणी दर वर्षी करावीच लागते.

आपल्याकडे यातलं बरंच काही घरच्यांनीच आग्रहाने करून घ्यावं लागतं. गीझर बाथरूमच्या आत नकोच. ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणावा. यासाठी थोडी तोडफोड झाली तरी ती करावी. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावेत, काडी ओढून कधीही नाही. सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना नुसती नळी बदलून भागत नाही. त्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या गॅसमध्ये अडीच-तीन पट उष्णता असते, त्यामुळे दोन्हींच्या जेटची भोकं वेगळी असतात. पाइप गॅसच्या मोठ्या भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला, तर ज्योत पिवळी पडते आणि विष वाढतं. जेट कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावा. त्यानंतर कार्बन मोनॉक्साइड मोजणारा मीटर लावून, आत कुणी नसताना, गीझर पंधरा मिनिटं चालवून आकडा बघावा. फिटरकडे मीटर नसेल तर तो असलेला माणूस शोधावा.

आंघोळ करताना डोकं दुखलं, मळमळलं, पायांतलं बळ गेलं, तर ते पित्त किंवा बीपी समजून सोडून देऊ नये. भारतीय न्यूरॉलॉजिस्टांनी गॅस गीझरमुळे येणाऱ्या झटक्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत केली आहे. असे रुग्ण अपस्माराचे समजले जाण्याचा धोका असतो. कोविडपासून घरात असलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यांतला फरक त्याला ओळखता येत नाही, म्हणून आकडा ९८ दिसू शकतो. कुणी बाथरूममध्ये कोसळलं तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावं, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला की तासा-दीड तासात तो निम्म्यावर येतो. म्हणून रुग्णालयात पोचताच पहिलं वाक्य हेच बोलावं की घरात गॅस गीझर चालू होता. ते कळलं तरच डॉक्टर रक्ताची नेमकी तपासणी लगेच करून घेतात.