जुनी पिकअप घेताना (भाग 7) : मासळीची गाडी

धुराच्या रंगांविषयी आज लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. रत्नागिरीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा सौदा येत्या रविवारी आहे. 2014 ची बोलेरो पिकअप, एकच मालक, मीटरवर 1 लाख 12 हजार, इंजिनाचं काम नुकतंच झालेलं, मागणी 3 लाख 40 हजार. भाव रास्त आहे का, असं ते विचारतात. अगदी शेवटी लिहितात, गाडी मिरकरवाड्यातून कोल्हापूरला मासळी नेत असे.

भाव ठरतो तो या शेवटच्या ओळीवर.

आधी मीटर. रत्नागिरी ते कोल्हापूर आंबा घाटानं साधारण 130 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 260. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ते दोन महिने सोडून द्या. उरलेल्या 43 आठवड्यांत आठवड्याला तीनच फेऱ्या धरल्या तरी वर्षाला 33 हजारांवर जातात. मीटरवरचा आकडा साडेतीन वर्षांतच ओलांडला जातो. त्या आकड्याला मी काडीची किंमत देणार नाही.

पण मीटर खोटा निघाला म्हणून मी सौदा सोडत नाही. 2523 सीसीचं हे इंजिन 3 लाख चालून थकलं तरी पुन्हा उभं राहतं. लायनर-पिस्टन, नोझल, क्लच सगळं तालुक्याच्या गावी मिळतं, काम जाणणारे मेस्त्रीही मिळतात. त्यांच्याकडून खर्च काढायचा आणि किमतीतून वजा करायचा.

चेसिसचं तसं नसतं. बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी त्यात मिसळतं आणि हौद्याच्या फटींतून रात्रभर खाली ठिबकत राहतं. गाडी धुतली जाते ती वरून. खालचं मीठ आडव्या मेंबरच्या सांध्यांत, मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी आणि ब्रेकच्या पाइपांवर तसंच राहतं, आणि पत्रा आतून खात जातं.

माझी पहिली पिकअप खालून ताज्या काळ्या रंगानं चकाकत होती. मालकानं गाडी जपली आहे, असं मी समजलो. महिन्याभरात घाट उतरताना ब्रेकचा पाइप फुटला आणि पेडल तळाला गेलं. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. बायको शेजारी बसली होती. नंतर गॅरेजमध्ये पाहिलं तर रंगाखालचा पाइप नखानं सोलत होता. तेव्हापासून जुन्या गाडीखाली आडवं झाल्याशिवाय मी भावाचं बोलत नाही.

तेव्हा रविवारी जाताना टॉर्च, लहान हातोडी आणि जाड चपटा स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. चेसिसवर पुढून मागे ठोकत चला. धड लोखंड खणखणतं, खाल्लेलं बद वाजतं. बद वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हर रेटून पाहा. हौद्यात वरून पत्रा मारला असेल तर एक कोपरा उचलायला सांगा. मालक नाही म्हणाला तर निघा.

माल कोणता वाहिला हे मी नेहमी आधी विचारतो. ठरलेल्या वजनाचे दुधाचे कॅन नेणारी, 3 लाख चाललेली गाडी मला या गाडीपेक्षा जास्त भावाची वाटते. जांभ्याचे चिरे वाहिलेल्या गाडीला मात्र पाटे, हाऊसिंग आणि चेसिसवरची वेल्डिंग पाहिल्याशिवाय हात लावू नये.

स्क्रूड्रायव्हर आत गेला तर किंमत कमी करून मागू नका, गाडी सोडा. चेसिस खणखणीत निघाली तर ब्रेकचे सगळे पाइप नवे घालण्याचा आणि हौद्याच्या तळाचा खर्च वजा करा. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, शिवाय पर्यावरण कर असतो, म्हणून दोन्हींच्या तारखा बघा. मी स्वतः 2 लाख 75 हजारांच्या वर गेलो नसतो.

आणि इंजिनाच्या कामाचं बिल मागून घ्या. त्यात रिंगा बदलल्यात की नुसतं हेड उतरवलंय, हे मला कळवा. पुढच्या आठवड्यात निळ्या धुराची सुरुवात तिथूनच करू.