प्रवाळकुंडातील उपद्रवी जीव

पुण्यातील स्वारगेटच्या एखाद्या सदनिकेत, सागरापासून इतक्या अंतरावर, क्षारमिश्रणाने सिद्ध केलेल्या खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढू शकते; परंतु नव्या तुकड्याबरोबर जे शत्रू शिरकाव करतात, त्यांचा बंदोबस्त तो तुकडा काही आठवडे निराळ्या पाण्यात ठेवूनच करणे सुलभ असते.

• आयप्टेशिया : तपकिरी, पारदर्शक समुद्रपुष्प. चिरडल्यास उरल्या कणापासूनही नवा जीव उत्पन्न होतो. भक्षक : पेपरमिंट कोळंबी, बर्गिया ही समुद्रगोगलगाय.

• अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचा भक्षक चपटा कृमी : सर्वांत दगाबाज. याचा रंग प्रवाळात मिसळून जातो. फिकट वाटोळे डाग आणि मृत बुंध्याशी चिकटलेले तपकिरी अंड्यांचे पुंजके, एवढीच खूण. आयोडीनयुक्त द्रावणात तुकडा बुडवून हलवल्यास कृमी गळून पडतात, अंडी मात्र तगून राहतात. म्हणून ती खरवडून काढावी लागतात आणि काही दिवसांच्या अंतराने पुन:पुन्हा तपास करावा लागतो.

• ड्रुपेला : प्रवाळाचे मांस खाणारा लहान शंख. हाताने वेचावा.

• कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. पाषाणप्रवाळे २००१ पासून पहिल्या अनुसूचीत. मालवणच्या समुद्रातून त्यांचा तुकडा काढणे हा गुन्हा आहे.