शरीराचे मूक रखवालदार
भक्षक पेशी, परळचा वारसा आणि व्यापारी कुटुंबांचे आरोग्य

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथून धीम्या लोकलने परळला उतरणाऱ्यांत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मोठ्या संख्येने असतात. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये तेथून जवळ आहेत. याच परिसरात हाफकिन संस्था आहे आणि केईएमच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था म्हणजे एनआयआयएच आहे. एक संस्था प्लेगच्या काळात जन्मली, तर दुसरी आज रक्ताचे आणि रोगप्रतिकारशक्तीचे दुर्मिळ आजार शोधते. या दोन्ही संस्थांना जोडणारा एक धागा आहे. तो म्हणजे रोगजंतूंना गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. या क्रियेला शास्त्रात फॅगोसायटोसिस, म्हणजेच पेशीभक्षण म्हणतात.

एका काट्यातून उगवलेले शास्त्र

१८८२ साली इटलीतील मेसिना येथे इल्या मेच्निकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्री तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्यांच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी पाहून त्याच्या मनात एक शंका आली. बाहेरून काही घुसले तर या पेशी त्याच्याकडे धावतील काय? बागेतल्या गुलाबाचे काटे त्याने अळ्यांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर फिरत्या पेशींनी काट्याभोवती गराडा घातला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले होते. शत्रू आणि रखवालदार यांची ओळख मानवाला अशी एकाच वर्षात झाली. या शोधासाठी मेच्निकॉफला १९०८ सालचे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिश याच्यासह मिळाले.

मेच्निकॉफचा ओडेसा येथील एक विद्यार्थी होता वाल्देमार हाफकिन. गुरूच्या पाठोपाठ तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला, तेथे त्याने पटकीची लस तयार केली आणि पुढे तो हिंदुस्थानात आला. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. धान्य तेथे उंदीर, उंदीर तेथे पिसवा, आणि पिसवांबरोबर प्लेग. व्यापारी पेठेला या साथीचा पहिला तडाखा बसला, आणि हजारो कुटुंबे मिळेल त्या गाडीने शहराबाहेर पडली. ऑक्टोबरमध्ये मुंबईत आलेल्या हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिनचे नाव मिळाले.

प्लेगचा जंतू इतका घातक का, याचे उत्तर पुढे मिळाले, आणि ते पुन्हा भक्षक पेशींपाशीच येऊन थांबते. हा जंतू त्या पेशींत आपली प्रथिने टोचून त्यांची गिळण्याची शक्ती लुळी करतो. काही जंतू तर त्यांच्याच पोटात बसून जांघेतल्या वा काखेतल्या गाठीपर्यंत पोहोचतात. प्लेगची ती भयंकर गाठ अशी तयार होते. रखवालदाराच्याच खांद्यावर बसून चोर तिजोरीपर्यंत जावा, तसा हा प्रकार आहे.

गिळण्यापासून पचवण्यापर्यंत

भक्षक पेशींत दोन जाती प्रमुख आहेत. न्यूट्रोफिल ही धावून जाणारी फौज. अस्थिमज्जेत रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात आणि बहुतेक काही तासांत वा एक-दोन दिवसांत संपतात. मॅक्रोफेज या मोठ्या पेशी फुप्फुस, यकृत, प्लीहा अशा ठिकाणी ठाण मांडून दीर्घकाळ राहतात.

जंतू शिरला की रक्तातील प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने त्याच्या अंगाला चिकटतात. पेढीवर आलेल्या मालावर खूण करावी तशी ही खूण असते. ती दिसली की भक्षक पेशी जंतूला चटकन ओळखते, त्याच्याभोवती आपले अंग पसरते आणि त्याला एका पिशवीत बंद करते. लस हेच काम आधीच करून ठेवते. खूण करणारी प्रतिपिंडे ती तयार ठेवते, म्हणजे खरा जंतू आल्यावर वेळ वाया जात नाही. त्यानंतर पिशवीत पाचक द्रव्ये ओतली जातात. न्यूट्रोफिल तर प्राणवायूपासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढे हायपोक्लोरस आम्ल बनवते. फरशी पुसण्याच्या ब्लीचमध्ये जे काम करते, तेच हे रसायन. पुवाला येणारी हिरवट झाक या रसायनाच्या निर्मितीला लागणाऱ्या एका हिरव्या विकराची असते.

या पेशींचे रोजचे मोठे काम मात्र लढाईचे नसून सफाईचे आहे. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हाताऱ्या झालेल्या पेशी प्लीहा आणि यकृतातील मॅक्रोफेज गिळतात आणि त्यांतील लोह परत अस्थिमज्जेकडे पाठवतात. असे रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत मिळते. आहारातून शोषले जाते ते अवघे १ ते २ मिलिग्रॅम. शरीराचा व्यवहार नव्या भांडवलापेक्षा जुन्याच्या फेरवापरावर अधिक चालतो, हे कोणत्याही कसलेल्या व्यापाऱ्याला पटेल.

गिळते, पण मारू शकत नाही

काही बालकांत जन्मतःच ही यंत्रणा अपुरी असते. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, या आजारात भक्षक पेशी जंतूला गिळते. पण त्याला मारणारे रसायन तिला बनवता येत नाही. परिणामी बाळाला वारंवार गळवे होतात, मानेच्या गाठी पिकतात, यकृतात पू होतो, न्यूमोनिया उलटून येतो. नेहमीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या पुरेशी दिसते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. संख्या भरपूर, कर्तृत्व शून्य, अशी ही स्थिती. कधी जन्मानंतर दिलेल्या बीसीजी लशीच्या जागी किंवा काखेत मोठी, न थांबणारी गाठ हीच पहिली खूण ठरते. लशीनंतरची लहानशी गाठ निरोगी बाळांतही येते; तिच्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. दुसऱ्या एका आजारात भक्षक पेशी रक्तवाहिनीतून बाहेरच पडू शकत नाहीत. त्यात बाळाची नाळ उशिरा गळते आणि जखमेत पू धरत नाही.

निदानासाठी डीएचआर नावाची चाचणी आहे. तिला थोडेसे रक्त पुरते. पेशींना उत्तेजित केल्यावर निरोगी पेशींतील रंगद्रव्य चमकते, आजारी पेशींतील चमकत नाही. परळच्या एनआयआयएचमध्ये अशा आजारांचे निदान होते. निदान झाल्यावर रोजची प्रतिजैविके आणि बुरशीविरोधी औषधे यांनी संसर्ग बऱ्याच अंशी रोखता येतात, आणि योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार मुळातून बरा होऊ शकतो. अशा मुलाला बुरशीचा धोका विशेष असतो. कुजलेला पालापाचोळा, कुंडीतील खत आणि बुरशी लागलेल्या धान्याची धूळ यांपासून त्याला दूर ठेवावे लागते. धान्याच्या गोदामात खेळणे हे अन्य मुलांसाठी मौज असेल, या मुलासाठी ते जिवावरचे संकट आहे.

या आजाराची दुसरी बाजू घराच्या उंबरठ्याआत आहे. त्याचा एक प्रकार आईकडून मुलाकडे येतो. आई बहुधा निरोगी असते आणि तिला याची कल्पनाही नसते. प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. दुसऱ्या प्रकारात आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात. नात्यात वा लहान वर्तुळात विवाह होतात तेथे तो अधिक आढळतो. कोणताही प्रकार असो, यात कुणाचा अपराध नाही. तरीही सुनेला बोल लावले जातात, आणि मुलींच्या सोयरिकीत अडथळा येईल या भीतीने आजार झाकला जातो. झाकल्यामुळे बहिणींची तपासणी होत नाही, पुढच्या गर्भारपणात वेळीच सल्ला मिळत नाही, आणि तेच दुःख पुढच्या पिढीच्या दारात उभे राहते. पहिल्या बाळाला असा आजार असेल, तर दुसऱ्या बाळाला बीसीजी देण्याआधी डॉक्टरांना ते सांगणे अत्यावश्यक असते.

पोटात घर करणारा जंतू

क्षयाचा जंतू याहून धूर्त आहे. फुप्फुसातील मॅक्रोफेज त्याला गिळते, पण तो आपल्या पिशवीत पाचक द्रव्ये येऊच देत नाही आणि तेथेच राहतो. मग इतर पेशी भोवती कडे करून त्याला कोंडतात. अनेक निरोगी माणसांत तो असा वर्षानुवर्षे कोंडलेला असतो. कडे दुबळे झाले की तो बाहेर पडतो.

कडे दुबळे करणाऱ्या कारणांत मधुमेह महत्त्वाचा आहे. मधुमेही व्यक्तीला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. रक्तातील साखर सतत चढी राहिली की न्यूट्रोफिल मंद धावतात, कमी गिळतात आणि गिळलेल्याला नीट मारत नाहीत. सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणे, अवेळी जेवण, सणासमारंभाची मिठाई असा दिनक्रम असलेल्या घरांत ही बाब गांभीर्याने घ्यायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट यांपैकी काही असेल तर तपासणी टाळू नये. शासकीय आणि महापालिकेच्या केंद्रांत क्षयाची तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत.

मधुमेहींच्या पावलांकडेही लक्ष हवे. देरासरात आणि तीर्थयात्रेत अनवाणी चालणे ही श्रद्धेची बाब आहे. मधुमेहात पावलाची संवेदना कमी होते, आणि टोचलेला खडा वा तापलेल्या फरशीचा चटका जाणवत नाही. त्या जखमेवर धावून येणारी फौजही मंद असते. म्हणून घरी परतल्यावर रोज रात्री दोन्ही पावले, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात पाहणे हा नियमच करावा. फोड, भेग किंवा काळसर डाग दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावा.

जे पचतच नाही

ज्या वस्तूला भक्षक पेशी गिळते, पण जिचा कधीच अंत होत नाही, अशी वस्तू म्हणजे सिलिकाची धूळ. दगडखाणी, क्रशर, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झच्या लाद्यांची कापणी या ठिकाणी ती उडते. मॅक्रोफेज तो कण गिळते, मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते आणि तीही मरते. या चक्रात फुप्फुस कठीण होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरे करणारे औषध नाही, आणि क्षयाचा धोकाही त्यामुळे वाढतो. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी दगड विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानामागे कापणी करणारा कारागीर ही धूळ श्वासात घेत असतो. पाणी सोडून ओली कापणी करणे, धूळ शोषणारे यंत्र आणि योग्य दर्जाचा मास्क यांचा खर्च धंद्याच्या हिशेबात धरायला हवा. तोंडाला बांधलेला रुमाल हा उपाय नव्हे.

रक्तवाहिन्यांतही असेच घडते. वाहिनीच्या भिंतीत साचलेले बिघडलेले कोलेस्टेरॉल मॅक्रोफेज गिळत राहतात, फुगतात आणि तेथेच अडकून पडतात. हृदयविकाराची पायाभरणी करणारा थर त्यांच्यापासून बनतो. सफाई करणाऱ्यावर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला की तोच कचऱ्याचा भाग होतो.

जाहिरातीपलीकडची प्रतिकारशक्ती

कोरोनाच्या साथीनंतर प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या चूर्णांची आणि गोळ्यांची बाजारपेठ फुलली. भक्षक पेशींना मात्र कोणत्याही डबीतील जादूची गरज नसते. साखर आटोक्यात, तंबाखू वर्ज्य, झोप पुरेशी, आहारात डाळी व हिरव्या भाज्या, लसीकरण वेळेवर आणि जखमेची स्वच्छता एवढ्यावर त्यांचे काम चालते. अपघातात वा आजारात प्लीहा काढावी लागलेल्या व्यक्तीने न्यूमोकोकस आदी जंतूंविरुद्धच्या लशी घ्याव्यात, आणि ताप आल्यास तासाभराचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

एका काट्याभोवती जमलेल्या पेशींपासून सुरू झालेले हे ज्ञान आज लोकलच्या तासाभराच्या अंतरावर उपलब्ध आहे. वारंवार पिकणारी गाठ, न भरणारी जखम, न थांबणारा खोकला यांना घरात दडवून ठेवणाऱ्या कुटुंबाला मात्र त्याचा उपयोग होत नाही. वहीतील चूक वेळीच दिसली तर ती दुरुस्त होते. शरीराच्या वहीलाही तोच न्याय लागू आहे.