ऑपरेशन करावं की थांबावं?

माझा नातू दहा महिन्यांचा होता. दूध पाजलं की ओकायचा. एका रात्री मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘‘अब्बा, ऑपरेशन करून टाकू या का?’’ मी पडलो कवी माणूस. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते असं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथले स्नायू झडपेसारखं काम करतात. तान्ह्या बाळात ती झडप पुरेशी पक्की नसते. दूध वर येतं. बाळाचं वजन वाढत असेल, ते हसत-खेळत असेल, तर बहुतेकांचा त्रास वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतो. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

वजन खुंटलं, अन्न श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया झाला, औषधांनी गुण आला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याआधी अन्ननलिकेतलं आम्ल २४ तास मोजणं, बेरियमचा एक्स-रे अशा तपासण्या करतात. रुडॉल्फ निस्सेन यांनी १९५६ साली मांडलेल्या पद्धतीत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. आता हे दुर्बिणीनंही होतं. पण नंतर ढेकर अडते, पोट फुगतं. काही मुलांत ही गुंडाळी सैलही पडते.

आम्ही वजनाची वही ठेवली. आकडे वाढत गेले. सोळाव्या महिन्यात ओकणं थांबलं. आकडे थांबले असते, तर आम्ही ऑपरेशनला ‘हो’ म्हटलं असतं. निर्णय आमच्या भीतीनं नव्हे, त्या वहीनं घेतला.