पोटाची तक्रार? साखरेचीही चौकशी करा!

बेंगळुरूच्या कुठल्याही दर्शिनीत सकाळी डोकावा. इडली-वडा, मसाला डोसा आणि वर फिल्टर कॉफी उभ्याउभ्याच संपवून माणसे कामाला पळताना दिसतील. दुपारी पोट गच्च होते, करपट ढेकर येतात. मग चिमूटभर ओवा किंवा सोडा घेतला, की विषय संपला!

मधुमेह नसलेल्यांचा विषय बहुधा तिथेच संपतो. अवेळी जेवण, तळलेले पदार्थ, जास्त कॉफी, दूध न पचणे, मनावरचा ताण ही कारणे सर्वांनाच लागू आहेत. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत मात्र आणखी दोन कारणे तपासावी लागतात: औषधे आणि मज्जातंतू.

मेटफॉर्मिन सुरू केल्यावर काही जणांना मळमळ, जुलाब होतात. गोळी जेवणासोबत घेतली आणि डॉक्टरांनी मात्रा हळूहळू वाढवली, तर हा त्रास बराच कमी होतो. व्होग्लिबोज, अकार्बोज या गोळ्यांनी पोटात गॅस धरतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली, तर जठर हलवणारा मज्जातंतू दुबळा होतो आणि अन्न जठरातच रेंगाळते. डॉ. कॅसँडर यांनी 1958 मध्ये या विकाराला 'गॅस्ट्रोपॅरेसिस' असे नाव दिले. चार घासांतच पोट भरणे, बऱ्याच वेळापूर्वी खाल्लेले उलटून पडणे ही त्याची लक्षणे. आतड्याच्या मज्जातंतूंना इजा झाली, तर बद्धकोष्ठ किंवा रात्री-अपरात्री जुलाब होतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांना यात मोठा धोका असतो. इंजेक्शन आपले काम वेळेवर करते, पण अन्न जठरातच अडकलेले! अशा वेळी साखर एकदम उतरते; घाम फुटतो, हातपाय थरथरतात. काही तासांनी तीच साखर चढते. घरच्यांना वाटते, पथ्य मोडले.

अशांनी थोडे थोडे, अनेकदा खावे. एरवी मधुमेहात नाचणीचे मुद्दे, कच्च्या कोशिंबिरी चांगल्या. पण मंदावलेल्या जठराला हा चोथा जड जातो. तेव्हा आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. काय खाल्ले, त्रास केव्हा झाला, त्या वेळी साखर किती होती, हे वहीत टिपून ती वही डॉक्टरांना दाखवावी. औषध मात्र परस्पर बंद करू नये.

काळी शौच, रक्ताची उलटी, उलट्या न थांबणे किंवा वजन झपाट्याने घटणे ही लक्षणे दिसली, तर कोणीही वेळ घालवू नये. आणि पोटाच्या वरच्या भागात दुखून घाम व धाप लागली, तर ओव्याचा डबा शोधू नका, थेट इस्पितळ गाठा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका कधी कधी अपचनाच्या रूपात येतो.