आयसोपॉडच्या डब्यात काहीतरी वळवळतंय? आधी ओळखा, मग ठरवा

आजचा विषय जरा वळवळणारा आहे. कुंडी उचलली की खाली राखाडी रंगाचे, भरपूर पायांचे जीव पळतात ना? काही हात लावताच गोळी होतात. तेच आयसोपॉड. मी ते घरी डब्यात पाळतो. दिसायला किडे, पण कूळ खेकडा-कोळंबीचं, त्यामुळे त्यांना ओल लागतेच. आणि जिथे ओल, कुजकी पानं, काकडीच्या फोडी, तिथे न बोलावलेले पाहुणेही येणारच.

मातीत पांढरं काही वळवळताना दिसलं की पहिला विचार येतो, स्प्रे मारू किंवा सगळंच फेकू. दोन्ही नको. कीटकनाशक आयसोपॉडनाही मारतं, आणि हे पाहुणे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. कोड असो की डबा, आधी बग नक्की कुठला ते बघायचं.

एखाद्या गडद रंगाच्या झाकणावर पाण्याचा थेंब टाका, त्यात एक जीव ठेवा आणि टॉर्च लावून मोबाईलवर क्लोजअप व्हिडिओ काढा. आता बघा.

काळं चकचकीत डोकं आणि काचेसारखं अंग? ती फंगस नॅट या चिलटाची अळी. डोकं वेगळं दिसत नाही, पण अंगावर गांडुळासारखी वलयं आहेत, पांढरा रंग, संथ चाल? तो पॉटवर्म, गांडुळाचा छोटा नातेवाईक. केसासारखा बारीक, वलयं नाहीत, पाण्यात चाबकासारखा हलतो? तो नेमाटोड.

हे तिघे बहुधा कुजकं, बुरशी किंवा जिवाणू खाऊन जगतात. ते फार वाढले, तर निरोप एवढाच की खाणं जास्त झालंय आणि हवा कमी. उरलेलं खाणं काढा, भोकं वाढवा, डब्याची एक बाजू कोरडी ठेवा. रात्री बटाट्याची चकती ठेवून सकाळी त्याखाली जमलेले उचलले, तरी संख्या घटते.

खरी काळजी चौथ्याची. अंग मऊ, चिकट, वलयं अजिबात नाहीत, आणि डिवचलं की पुढून पांढरा चिकट दोरा फेकतो. हा जमिनीवरचा नेमर्टियन, म्हणजे रिबन वर्म. हा शिकारी आहे. जपानच्या ओगासावारा बेटांवर १९८०च्या दशकापासून जमिनीवरचे आयसोपॉड झपाट्याने नाहीसे झाले. त्यामागे बाहेरून आलेला असाच एक रिबन वर्म असल्याचं संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. बेटाची ही गत, तर डब्याचं काय!

हा सापडला तर उशीर नको. मोठे आयसोपॉड एकेक करून नव्या डब्यात, नव्या मातीत हलवा आणि पुढचे काही आठवडे रोज तपासा. जुनी माती बागेत टाकू नका, आधी तिच्यावर उकळतं पाणी ओता.

पावसाळ्यात अर्धचंद्रासारख्या डोक्याचा चपटा जीवही दिसतो, हॅमरहेड वर्म. त्याचं मुख्य खाणं गांडुळं, पण डब्यात तोही नको. त्याला कापू नका, तुकड्यांतून नवे तयार होतात. अंगात विषही असू शकतं, म्हणून हातमोजे घालूनच काढा.

बाहेरची पानं डब्यात घालण्याआधी उकळून घेतलीत, तर यातले बरेच पाहुणे दारातच अडतात. तुमच्या डब्यात कोण निघालं, व्हिडिओ नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!