अंड्यावाचून केळ्याचा ब्रेड

अंड्याऐवजी काय घालायचं, याचं एकच सरसकट उत्तर देणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. प्रत्येक पदार्थात अंड्याचं काम वेगळं असतं. स्पंज केकमध्ये फेसलेली अंडी हवा धरून ठेवतात आणि केक फुगतो तो त्या हवेवर. कस्टर्डमध्ये अंडं दूध घट्ट करतं. मेयोनेजमध्ये बलकातलं लेसिथिन तेल आणि पाणी वेगळं होऊ देत नाही. केळ्याच्या ब्रेडमध्ये मात्र अंड्याला फारसं काम उरलेलंच नसतं. व्हीगन बेकिंगला हात घालायचा असेल, तर सुरुवात इथून करावी.

बनाना ब्रेड, भोपळ्याचा ब्रेड, मफिन ही सगळी ‘क्विक ब्रेड’ची मंडळी. यीस्ट नाही, मळणं नाही, पीठ फुगण्याची वाट पाहणं नाही. सोडा आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यावर सगळा डोलारा. या सोयीत एका नवऱ्याच्या नडेचाही वाटा आहे. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या बायकोला अंडी सोसत नव्हती आणि यीस्टही सोसत नव्हतं. त्यांनी 1837 साली तिच्यासाठी कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर. फ्रूट कस्टर्डसाठी आपण जी पिवळी पूड दुधात कालवतो, तिची जातकुळी हीच. म्हणजे अंड्याला पर्याय शोधण्याचं खूळ आजच्या इन्स्टाग्रामवाल्यांचं नव्हे.

कवच काढलेलं अंडं साधारण 50 ग्रॅम भरतं आणि त्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं. उरलेल्यात प्रथिनं आणि स्निग्धांश. केळ्याच्या ब्रेडचा हिशेब मांडून बघा. ओलावा कुस्करलेल्या केळ्यातून येतो, फुगवण्याचं काम सोडा करतो, स्निग्धपणा तेल देतं. उरते ती पकड. भट्टीच्या उष्णतेने अंड्यातली प्रथिनं गोठतात, त्यामुळे काप पडताना चुरा होत नाही. पर्यायाकडून आपल्याला एवढीच अपेक्षा आहे.

आणि ती पुरी करायला जवसासारखं दुसरं काही नाही. विदर्भ-मराठवाड्यात ज्या घरात चटणीसाठी जवसाची बरणी असते, तिथे चियाचं महागडं पाकीट आणण्याची गरजच नाही. जवसाच्या सालीत एक बुळबुळीत डिंकासारखा पदार्थ असतो. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवली की भेंडीसारखी तार सुटते आणि मिश्रण अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होतं. एका अंड्याला एवढं पुरतं. जवस कच्चेच घ्यावेत आणि बारीक दळावेत, अख्खे टाकून चालत नाही. पूड लागेल तेवढीच करावी, कारण तेलामुळे ती लवकर खवट होते. शिवाय ‘अजून थोडं घालू, छान धरेल’ हा मोह आवरावा. जास्त जवस पडले की ब्रेड आतून गिजका होतो, आणि मग दोष ओव्हनला दिला जातो.

बाकीच्यांचा समाचार थोडक्यात. काबुली चणे शिजवलेल्या पाण्याचा अंड्यासारखा फेस होतो, हे जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने 2014 मध्ये दाखवलं; ‘अक्वाफाबा’ हे नाव त्या पाण्याला पुढच्या वर्षी मिळालं. मेरिंगसाठी ते अफलातून, पण केळ्याच्या ब्रेडमध्ये घालणं म्हणजे फेसण्याचे श्रम वाया. सोडा आणि व्हिनेगर ब्रेडला हलकेपणा देतात, पकड देत नाहीत. अर्धं केळं म्हणजे एक अंडं, हा सल्ला इतर केकसाठी ठीक. ज्यात आधीच तीन केळी आहेत त्यात चौथं घातलंत तर तळाशी ओला, चिकट थर बसेल.

आपल्याकडच्या लोकांची एक गल्लत हमखास होते. ‘एगलेस’ म्हणजे व्हीगन नव्हे. आपले बहुतेक एगलेस केक कंडेन्स्ड मिल्क किंवा दह्यावर उभे असतात. पाकिटावरच्या हिरव्या खुणेवरही जाऊ नका, दुधाच्या पदार्थांवरही तीच खूण असते. व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह एफएसएसएआयने 2022 मध्ये आणलं, ते पाहावं.

खरं तर अंड्याऐवजी काय, हा प्रश्न कोकणात आणि गोव्यात कधी पडलाच नव्हता. पावसाळ्यात तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, आल्या की त्यांचं धोंडस होतं, गोव्यात त्यालाच तवसळी म्हणतात. किसलेली काकडी, तांदळाचा किंवा गव्हाचा रवा, गूळ, खोबरं. रवा काकडीच्या पाण्यातच फुगतो आणि भांड्याच्या खाली-वर निखारे ठेवून ते भाजलं जातं. ना अंडं, ना दूध. तूप असतं, पण त्याऐवजी खोबरेल चालतं. व्हीगन बेकिंगच्या परदेशी पुस्तकांइतकाच मान मी धोंडसाला देईन.

आता प्रत्यक्ष कृती. सालीवर काळे डाग पडलेली तीन केळी घ्या. तोवर त्यातल्या पिठुळपणाची साखर झालेली असते. गर 300 ग्रॅमच्या आसपास हवा. त्यात पाऊण कप चिरलेला गूळ, एक तृतीयांश कप तेल, जवसाचं मिश्रण आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला. गुळाचा आणखी एक फायदा म्हणजे रंग, कारण अंडं-दूध नसलेला ब्रेड फिकाच राहतो. निम्मी कणीक, निम्मा मैदा असं दीड कप पीठ, एक चहाचा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्या. लिंबू विसरू नका. आम्ल कमी पडलं तर उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव येते. कोरडं ओल्यात घातलं की पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा. गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या. इडलीच्या पिठासारखं फेटत बसलात तर ग्लुटेन ताणलं जाईल आणि ब्रेड चिवट होईल. मिश्रण झालं की लगेच भट्टीत, कारण सोडा थांबत नाही. 180 अंशांवर 50 ते 60 मिनिटं. वरून लवकर तांबूस झाला तर फॉइल झाका. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली की झाला.

सगळ्यात अवघड टप्पा त्यानंतरचा. गरम ब्रेड कापू नका. जवसाची आणि पिठाची पकड निवताना बसते. गरम कापलात तर तो कच्चाच वाटेल. दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरते. आपल्या दमट हवेत मात्र दोन दिवसांपलीकडे तो बाहेर ठेवू नका, काप करून फ्रिजमध्ये टाका आणि खाताना तव्यावर परता.